टायटल लागलं की कोण बसतं आणि कोण उठतं

सीरियलचं टायटल लागलं की घरोघरी एकच प्रकार, कोणी पाणी प्यायला उठतं, कोणी मोबाईल हातात घेतं, आणि ओटीटीवर असेल तर अंगठा आपोआप त्या स्किपच्या बटणाकडे जातो. म्हणजे सीरियलमधली जी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा दाखवतात तीच आपण सगळ्यात कमी बघतो. एपिसोड एकदा लागतो, फार तर रिपीटला दुसऱ्यांदा, टायटल मात्र दोन-दोन तीन-तीन वर्षं चालू. त्यामुळे त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात कोणाला कुठे उभं करायचं, वाद्य कुठलं, साडीचा रंग कुठला, नावं कुठल्या क्रमाने, यावर भरपूर खल झालेला असतो.

ढोबळमानाने टायटलला तीन गोष्टी सांगायच्या असतात. गोष्टीत कोण कोण आहे, गोष्ट कुठल्या जातकुळीची आहे म्हणजे विनोदी की रडकी की रहस्य की पौराणिक, आणि ही कोणी बघायची. पहिल्या दोन सगळ्यांना कळतात, तिसरी मात्र उघडपणे कोणीच बोलत नाही, 'ही सीरियल पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी' अशी पाटी कोण लावणार, त्यामुळे ते काम सूर, रंग आणि चेहऱ्यांवर सोपवलेलं असतं. आणि माझं मत विचाराल तर खरी गंमत तिथेच आहे. टायटल किती लांब, किती घाईचं, किती भडक हे शेवटी एकाच गोष्टीवर ठरतं, ते म्हणजे समोरचा माणूस किती सहज उठून जाऊ शकतो.

हे काही टीव्हीने शोधलेलं नाही हं. आपल्याकडे नाटकात नांदी आणि सूत्रधार कधीपासून आहेत. कालिदासाच्या शाकुंतलात सूत्रधार नटीला सुरुवातीलाच सांगतो की आज समोर बसलेली सभा जाणकारांची आहे, आणि आपण कालिदासाचं शाकुंतल नावाचं नवं नाटक करणार आहोत. दोन वाक्यांत लेखक, नाव आणि ऑडियन्स, तिन्ही आलं! वर समोरच्यांना जाणकार म्हणून चढवून ठेवलं, आता कोणाची हिंमत आहे उठून जायची. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात संगीत शाकुंतल आणलं आणि तिथून मराठी रंगभूमीवर नांदीची जी सवय लागली ती आपल्या कानात अजून आहे. पुढे प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, लॉ कॉलेज रोडला, आणि त्यांच्या सिनेमाच्या सुरुवातीला ती तुतारी फुंकणारी बाई यायची. सिनेमाचं नावसुद्धा पडद्यावर यायच्या आधी प्रेक्षकाला कळायचं की माल कुठल्या घरचा आहे.

तर मग टीव्ही. दूरदर्शनचा काळ आठवा, सिंहगडावरचा टॉवर, गच्चीवरचा अँटेना आणि एकच चॅनल. प्रेक्षक जाऊन जाऊन जाणार कुठे? त्यामुळे तेव्हाची टायटलं अगदी निवांत असायची. १९८८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं महाभारत घ्या. महेंद्र कपूरांचा तो वरच्या पट्टीतला आवाज, मग गीतेतले श्लोक, आणि मग हरीश भिमानींच्या आवाजात खुद्द काळ बोलायला लागायचा. इथे कॅरेक्टरची ओळख करून द्यायची गरजच नव्हती, अर्जुन कोण आणि दुर्योधन कोण हे सांगायला लागत नाही, पण कथा सांगणारा कोण हे मात्र नवीन होतं आणि म्हणून टायटलचा सगळा जोर त्याच्यावर. निर्माते बी. आर. चोप्रांच्या आणि लेखक राही मासूम रझांच्या त्या महाभारतात सूत्रधार म्हणून काळाला उभं केलं आणि एका फटक्यात प्रकार ठरून गेला, म्हणजे ही भाऊबंदकीची कौटुंबिक सीरियल नाही, मोठं काहीतरी आहे, नीट बसा. आणि ऑडियन्स? रविवार सकाळ, सगळे. आजीपासून पोरापर्यंत सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवायचं असेल तर टायटलही तसंच लागतं, कोणालाच वगळायचं नाही असं.

त्याच काळातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे मालगुडी डेज. १९८६ ची गोष्ट. दिग्दर्शक शंकर नाग, एल. वैद्यनाथन यांची ती धून, आणि टायटलला आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. लक्ष्मण म्हणजे मूळ कथा लिहिणाऱ्या आर. के. नारायण यांचे धाकटे भाऊ, आणि शेवटची बरीच वर्षं ते आपल्या पुण्यातच होते, २६ जानेवारी २०१५ ला गेले तेही इथेच. सेनापती बापट रोडवर सिम्बायोसिसला त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे तो बहुतेक पुणेकरांनी पाहिलाय. तर या टायटलमध्ये नटांचे चेहरे मिरवायचेच नाहीत, रेषांनी काढलेलं गाव पुढे करायचं असा हिशोब आहे. आणि तो अगदी पक्का आहे, कारण बऱ्याचदा गोष्ट नवी, माणसं नवी, कायम राहणारं काय तर फक्त गाव. म्हणजे हिरो गावच. हे एकही शब्द न बोलता सांगितलंय, आणि रेघ अशी हलकी की बघणाऱ्याला आधीच कळतं की इथे खूनबिन होणार नाहीत, कोणीतरी फार तर शाळा बुडवेल. मुलांनाही बोलावलं, मोठ्यांनाही. असं दोन्हीकडे चालणारं टायटल करायला फार अवघड असतं, आजकाल कोणी त्या वाटेला जात नाही.

मग १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही आला, केबल आली, हातात रिमोट आला आणि सगळं बदललं. आता उठून जायलाही नको, बसल्या जागी बटण दाबलं की तुम्ही दुसऱ्याच्या घरात. टायटलला आता अडवायचं काम आलं. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी' मध्ये ते कसं केलंय बघा. सून घराचा दरवाजा उघडते, कॅमेऱ्याकडे बघून हात जोडते, आणि मग घरातली माणसं एकेक करून दिसत जातात. दार उघडून तुम्हाला आत घेतलं म्हणजे तुम्ही आता पाहुणे, आणि पाहुण्याने दारातून परत फिरायचं नसतं. वर ती मोठी फौज ओळखून ठेवायचं कामही झालं, आणि मुख्य म्हणजे दार कोण उघडतं यावरून घर कोणाचं, गोष्ट कोणाची हे ठरलं. कर्ता पुरुष उघडत नाही, सासू उघडत नाही, सून उघडते. रात्री साडेदहाला भांडी आवरून टीव्हीसमोर बसलेल्या बाईला याहून स्पष्ट आमंत्रण काय द्यायचं! तुम्हाला ती सीरियल आवडो न आवडो, मला स्वतःला नाही झेपली कधी, पण टायटल म्हणून तिला मानलं पाहिजे.

मराठीत हे काम गाण्याने केलं, आणि ते आपल्या स्वभावाला धरूनच होतं. गोट्या आठवतेय का, १९९० च्या आसपासची, तिचं शीर्षकगीत मधुकर आरकडेंचं, संगीत अशोक पत्कींचं. बीजातून अंकुर फुटायचं ते गाणं कानावर पडलं की सांगायलाच नको, मुलाची गोष्ट आहे, निरागस आहे, घरातल्या सगळ्यांनी बसून बघायची आहे. मग १९९९ ला अल्फा मराठी आलं, म्हणजे आताचं झी मराठी, आणि 'आभाळमाया'चं गाणं आलं. मंगेश कुलकर्णींचे शब्द, पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज. काही वर्षांनी 'वादळवाट' आली, त्यालाही हीच तिघं. आता गंमत बघा, 'वादळवाट'मध्ये वकील नायिका, कोर्टकचेऱ्या, राजकारण, गुंडगिरी असा सगळा मसाला होता, दुसऱ्या कोणी केली असती तर टायटलला टायरचा आवाज, बंदूक आणि धाडधाड ड्रम लावले असते. इथे काय तर शास्त्रीय गळ्याच्या बाईचा शांत आवाज आणि समुद्र, शंख-शिंपल्यांचे शब्द. म्हणजे टायटल कथेचा प्रकार सांगत नव्हतं, ते सांगत होतं की 'आभाळमाया' बघणाऱ्यांनो, तुम्हीच या, हे तुमच्यासाठीच आहे, गुंडबिंड दिसतील पण घाबरू नका. ज्या दोन कामांत भांडण झालं त्यातलं ऑडियन्सचं काम जिंकलं. टायटल वाचायला शिकायचं असेल तर हे एक उदाहरण पुरेसं आहे असं मला वाटतं.

आवाजाबद्दल अजून एक. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि माणूस स्वयंपाकघरात अशी आपल्याकडची रचना, त्यामुळे रोजच्या सीरियलचं टायटल हे आधी ऐकायचं असतं आणि मग बघायचं. पहिल्या दोन सुरांत कळलं पाहिजे की सुरू झाली. म्हणून वाद्यं ठरलेली. सनई आली की लग्नघर, संबळ आला की देवी नाहीतर खंडोबा, तुतारी-नगारा आला की इतिहास, आणि नुसतीच खर्जातली घरघर आणि मध्येच दार करकरलं की रात्री एकट्याने बघू नका. स्टार प्रवाहवर २००८ मध्ये आलेल्या 'राजा शिवछत्रपती'ला अजय-अतुलनी कवी भूषणांचा छंद घेतला. तो ब्रज भाषेत, ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना ओळीचा सरळ अर्थ सांगता येणार नाही, पण काही अडलं का? अंगावर काटा येतो, घरातला प्रत्येक जण येऊन बसतो, मुलं तलवारी काढतात. टायटलमध्ये शब्दांच्या अर्थापेक्षा ठेका जास्त काम करतो तो असा.

अक्षरंसुद्धा बोलतात. ऐतिहासिक असेल तर मोडीच्या वळणाची, टोकं तलवारीसारखी कापलेली, विनोदी असेल तर उड्या मारणारी, एखादी वेलांटी तिरकी, काना डुलतोय. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींची जी अक्षरं काढायचे ती लांबून बघून नाटक गंभीर आहे का फार्स आहे हे कळायचं, टीव्हीवाल्यांनी तीच शाळा पुढे चालवली.

आता कॅरेक्टर. आजच्या कुठल्याही रोजच्या मराठी सीरियलचं टायटल आवाज बंद करून बघा. नायिका तुळशीपाशी किंवा रांगोळीपाशी, हसते आणि मान वळवते, पदर स्लो मोशनमध्ये उडतो. नायक गाडीतून उतरतो, शहरातला असेल तर फोन कानाला, गावचा असेल तर बाह्या वर. दोघं एकमेकांच्या बाजूने जातात, वळून बघतात, पण एकाच वेळी नाही बघत, कारण एकाच वेळी बघितलं तर सीरियल संपलीच की. सासू हाताची घडी घालून. खलनायिका पाठमोरी उभी असते आणि ती वळते तेव्हा भुवई आधी वळते. हे सगळं ज्याला मोंताज शूट म्हणतात त्यात एकदाच घेऊन ठेवतात, आणि शेवटी अख्खं कुटुंब सोफ्यावर. त्या शेवटच्या फ्रेमकडे नीट बघा, मधोमध कोण बसलंय तो घरातला सत्तेचा माणूस, त्याच्या खुर्चीवर हात ठेवून उभा असलेला विश्वासू, आणि कडेला अर्धवट वळलेला जो आहे तो घर फोडणार. मी तर पहिल्या एपिसोडलाच घरी सांगून टाकतो, मग सगळे चिडतात.

नावांचा क्रम हा तर वेगळाच विषय. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, कोथरूडला बसून, आणि हल्ली सगळ्यांना सुरुवातीला 'सीरियलसारखं टायटल' हवं असतं. ड्रोन, सनई, मांडव, मेंदीचा हात, तिथपर्यंत काही अडचण नाही, अडचण येते नावांना. आधी आजोबांचं की वडिलांचं, मामा आत्याच्या आधी कसे काय, आणि ज्या काकांनी खर्च उचललाय त्यांचं नाव दोन सेकंदच का दिसतं. हसू येतं पण टीव्हीतही अगदी हेच चालतं. पहिलं नाव मोठं असतं आणि शेवटचंही, म्हणून बऱ्याच टायटलांत ज्येष्ठ नटाचं नाव सगळ्यात शेवटी 'आणि' लावून एकट्याचं येतं. मधल्या गर्दीत जायला कोणीच तयार नसतं. यातून वाट काढायची तर अकारविल्हे लावायचं. अमेरिकेतली ती सहा मित्रांची फ्रेंड्स, १९९४ ची, तिच्यात सहाही नावं आडनावांच्या अकारविल्हेने येतात, अॅनिस्टनपासून श्विमरपर्यंत. ते फक्त भांडण टाळणं नाही, सहाही जण सारखेच, एक असा हिरो नाही हेही त्यातून प्रेक्षकाला कळतं. आणि रात्री कारंज्यात भिजणं, सोफा, टाळ्या. नोकरीला लागलेली, लग्न न झालेली, मित्रांच्याच घरात पडीक असलेली पोरं हा ऑडियन्स नेमका पकडला. ते कारंजं न्यूयॉर्कचं नाहीच, कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओच्या जागेतलं आहे, पण असो, आपल्याकडच्या सीरियलमधले वाडेतरी कुठे खरे असतात.

बाहेरचंच बोलतोय तर डेक्स्टरचं सांगतो, २००६ ची अमेरिकन सीरियल. जॉनर, म्हणजे कथेची जातकुळी, कशी सांगावी याचा हा धडा आहे. टायटलमध्ये काय होतं तर एक माणूस सकाळी उठून आवरतो, बस. हातावरचा डास मारतो. दाढी करताना कापतं, रक्ताचा थेंब बेसिनमध्ये. मांस कापून तव्यावर टाकतो, अंडं फोडतो, सुरी चालते, लालभडक संत्रं पिळतो. बुटाची लेस आवळतो ती अशी जवळून दाखवलीय की गळा आवळल्यासारखं वाटतं, टी-शर्ट डोक्यातून घालताना तोंडावर कापड ताणलं जातं. आणि मग दार लावून, शेजाऱ्याकडे बघावं तसं आपल्याकडे बघून तो निघतो. एकही खून नाही, एकही प्रेत नाही, पण शिसारी येते. हा दिवसा पोलिसांकडे रक्ताचे डाग तपासणारा आणि रात्री स्वतः खून करणारा माणूस आहे, आणि साधं आवरणं हाच त्याचा बुरखा आहे, हे सगळं एका नाश्त्यात सांगितलंय. ज्यांना हे बघवत नाही ते तिथेच चॅनल बदलतील आणि बदलावंच, टायटलने चाळणी लावणं हेही त्याचं कामच आहे. चुकीचा प्रेक्षक आत आला तर तो पुढे शिव्याच घालणार.

लोकांनी टायटल चुकवू नये म्हणून नाना युक्त्या झाल्या आहेत. १९६६ च्या मिशन इम्पॉसिबल या अमेरिकन सीरियलमध्ये काडी ओढून वात पेटवतात आणि ती जळत जाते तोवर त्याच दिवशीच्या एपिसोडमधले तुकडे झरझर दाखवतात, वर लालो शिफ्रिन यांचं ते पाच मात्रांचं संगीत, आपला पाय चारावर पडतो आणि ते पाचावर जातं, त्यामुळे सतत कोणीतरी मागे लागल्यासारखं वाटत राहतं. सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून सीरियलच्या टायटलमध्ये शेवटी कुटुंब सोफ्यावर येऊन बसतं तेव्हा बहुतेक दर वेळी काहीतरी नवीन फजिती होते, म्हणजे टायटल बघितलंच पाहिजे. गेम ऑफ थ्रोन्सने तर नकाशाच टायटल केला, एपिसोड ज्या ज्या गावांत घडणार ती गावं त्यात उभी राहतात. इतकी घराणी, इतकी राज्यं, प्रेक्षक पहिल्या दिवशीच भंजाळला असता, म्हणून चेहरे सोडून भूगोल शिकवला. २०११ ला त्या टायटलला एमी पुरस्कारही मिळाला.

पण मग २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने इन्ट्रो स्किप करायचं बटणच दिलं. त्यांनीच २०२२ ला सांगितलं की ते बटण साधारण दिवसाला १३ कोटी ६० लाख वेळा दाबलं जातं. आता प्रेक्षक उठतही नाही, चॅनलही बदलत नाही, टायटलवरून फक्त उडी मारतो, म्हणजे सीरियल बघायचीय पण ओळख नकोय. साहजिकच आहे, एका बसणीत पाच-सहा एपिसोड बघणाऱ्याला त्याच माणसांची ओळख पाच-सहा वेळा कशाला. त्यामुळे आता बऱ्याच वेबसीरिजना टायटल म्हणजे पाच-दहा सेकंदांची एक पट्टी, नाव आणि एक घुमणारा आवाज. रोजच्या मराठी सीरियलही आताशा बऱ्याचदा गाण्याचा तुकडाच लावतात, पूर्ण गाणं पहिल्या आठवड्यात नाहीतर रविवारच्या महाएपिसोडला. याला अपवाद आहेत, २०२० च्या स्कॅम १९९२ ची अचिंत ठक्करनी केलेली धून लोकांनी स्किप तर केली नाहीच, उलट रिंगटोन करून ठेवली, पण ती धून चांगली होती म्हणून, त्याचा नियम होत नाही.

मग ती तीन कामं गेली कुठे? जॉनर आणि कॅरेक्टर एपिसोडच्या पहिल्या सीनमध्ये गेलं, म्हणजे आधी खून किंवा पळापळ आणि मग नाव. आणि ऑडियन्सचं काम गेलं त्या छोट्या पोस्टरकडे, जे ॲप उघडल्यावर दिसतं. नेटफ्लिक्स एकाच सीरियलची वेगवेगळी पोस्टरं वेगवेगळ्या लोकांना दाखवतं, तुम्ही आधी प्रेमकथा बघितल्या असतील तर जोडीचा फोटो, विनोदी बघत असाल तर त्यातल्या विनोदी नटाचा. घरात चौघांचे चार प्रोफाइल असतील तर चौघांना चार तोंडं दिसू शकतात. महाभारताच्या टायटलला अख्ख्या देशाला एकदम बसवायचं होतं, इथे एकेकट्याला गाठायचं आहे, आणि ते तुम्ही प्ले दाबायच्या आधीच झालेलं असतं.